लाईट गेली की सोलर का बंद पडतं?

 

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्त्यांचा हिशेब संपला, वही मिटली, आणि एक काकू म्हणाल्या, "मला एक सांगा गं. आमच्या पोरानं छपरावर सोलर बसवलं. परवा भर दुपारी बाराला गावाची लाईट गेली, तर आमच्या घरातला पंखासुद्धा बंद! वर ऊन मी म्हणतंय, पॅनेल तापलंय, आणि खाली आम्ही पदरानं वारा घेतोय. मग एवढा पैसा घातला कशाला?"

सगळ्या हसल्या. पण काकूंना उत्तर मात्र कुणालाच देता येईना. तेव्हा आम्ही ठरवलं, हे समजून घ्यायचंच. सबस्टेशनवर जाऊन विचारलं, वायरमनदादांना विचारलं, कॉलेजात शिकणाऱ्या पोरींकडून वाचून घेतलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तर मिळालंच, पण त्याच्यामागे आपल्या गिरणीचा, शेतातल्या पाण्याचा आणि गावच्या गायरानाचाही प्रश्न निघाला.

वीज म्हणजे गरम भाकरी

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. ज्वारी कणगीत साठते. पाणी हंड्यात साठतं. पण तारेतली वीज साठत नाही. ती जेव्हा तयार होते, त्याच क्षणी कुठेतरी वापरावी लागते. पंगतीत गरम भाकरी वाढतात तसं. जेवढी पानं मांडलीत, तेवढ्याच भाकरी तव्यावरून उतरायला हव्यात. कमी पडल्या तर पंगत खोळंबते. जास्त झाल्या तर ठेवायला दुरडी नाही.

आता जात्याचा विचार करा. आपल्यातल्या ज्या थोरल्या आहेत, त्यांनी पहाटे दोघी-दोघींनी बसून दळलेलं आहे. जातं एका लयीत फिरत असतं. कुणी एकदम मोठा घास टाकला, की जातं जड होतं, लय मंदावते. मग दोघींना जोर लावावा लागतो. घास कमी झाला, की जातं भरभर फिरायला लागतं. मग हात सैल सोडावा लागतो.

विजेचं असंच आहे. कोयनेचं जनित्र, चंद्रपूरचं औष्णिक केंद्र, गुजरातेतलं एखादं केंद्र, ही सगळी जणू एकाच जात्याच्या खुंट्याला हात लावून बसली आहेत. आपल्या देशात या जात्याची लय ठरलेली आहे: सेकंदाला 50. आपण गावोगाव पंप, गिरण्या, पंखे, टीव्ही चालू करतो, तो झाला घास. घास वाढला आणि जोर वाढला नाही, तर लय 50 च्या खाली जाते. फारच खाली गेली, तर यंत्रं जळू नयेत म्हणून काही भागांची वीज आपोआप तोडली जाते.

ही जी सगळ्या देशाला जोडणारी तारांची जाळी आहे, तिला ग्रिड म्हणतात. पूर्वी उत्तरेची, दक्षिणेची अशी वेगवेगळी जाळी होती. 31 डिसेंबर 2013 रोजी सोलापूर ते रायचूर ही मोठी लाईन चालू झाली आणि दक्षिण भारतही बाकी देशाला जोडला गेला. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच जातं आहे.

हे जातं सांभाळायला माणसं बसलेली असतात. आपल्या राज्याचं राज्य भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे. तिथे दिवसरात्र पडद्यावर नजर ठेवून सांगतात, या केंद्राने वीज वाढवा, त्या केंद्राने कमी करा.

नजर हटली किंवा कुणी ठरल्यापेक्षा जास्त ओढलं, तर काय होतं ते 2012 साली दिसलं. 30 आणि 31 जुलैला उत्तर आणि पूर्व भारतातली जाळी कोसळली. 60 कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

आणि नीट तयारी केली तर काय होतं, ते 5 एप्रिल 2020 ला दिसलं. आठवतंय ना? करोनाच्या काळात रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपल्याला वाटलं, बटण तर बंद करायचं, त्यात काय! पण देशभरात काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटची मागणी खाली गेली आणि लगेच पुन्हा वर आली. जलविद्युत केंद्रांनी पाणी भराभर कमी-जास्त करून ते सांभाळलं. एका बटणाने काही होत नाही. पण सगळ्यांची बटणं एकाच वेळी दाबली गेली, तर सगळ्या देशाच्या जात्याला ते जाणवतं.

सूर्य दिवसा, स्वयंपाक संध्याकाळी

आता यात सूर्य आला. जानेवारी 2025 अखेर आपल्या देशातली सौर विजेची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. चांगलीच गोष्ट आहे. कोळसा जाळायला नको, राख नको, धूर नको, आणि ऊन फुकट.

पण सूर्य आपल्या वेळेने चालतो. सकाळी हळूहळू वीज वाढते, दुपारी बारा-एकला भरपूर होते, चारनंतर उतरते आणि सहा-सातला संपते. आपलं काय? सातला आपण शेतातून घरी येतो. दिवे लागतात, मिक्सर फिरतो, टीव्ही लागतो, मोटार चालू करून टाकी भरतो, पोरं मोबाईल चार्जिंगला लावतात. म्हणजे सूर्य दुकान बंद करतो आणि त्याच वेळी आपण पिशवी घेऊन दारात उभ्या!

दुपारी वीज उरते, संध्याकाळी कमी पडते. आता सगळी ओढाताण याच दोन-तीन तासांची आहे.

शिवाय ढग येतात. मोठ्या सौर प्रकल्पावर ढग आला की वीज काही मिनिटांत घसरते. जुन्या केंद्रांतली भलीमोठी चाकं फिरत असतात, त्यांच्या वजनामुळे जात्याची लय एकदम पडत नाही. वरचा दगड जड असला की हात सुटला तरी जातं थोडं फिरत राहतं ना, तसं. पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. त्यामुळे सौर वीज वाढली, की लय सांभाळायला दुसरी कुणीतरी तयार लागते.

तारांचाही प्रश्न आहे. राजस्थानात ऊन भरपूर, प्रकल्प भरपूर. पण 2025 मध्ये तिथल्या काही प्रकल्पांना भर दुपारी वीज कमी करायला सांगावं लागलं. ती वाहून न्यायच्या मोठ्या लाईन तयार झालेल्या नव्हत्या. पीक जोमदार आलं आणि बाजाराचा रस्ताच झाला नाही, अशी गत.

मग यावर उपाय काय? मोठ्या घरात लग्न निघालं की जावा-जावा काम वाटून घेतात. एकीकडे सगळं टाकलं तर ती मोडून पडते. विजेतही तसंच वाटून घेतात.

दिवसा सूर्य. पावसाळ्यात ढगांमुळे तो हलका पडतो, पण तेव्हाच वारा जोरात असतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबरमध्येच सगळ्यात जास्त फिरतात. थंडीत साखर कारखान्यांचं गाळप चालू होतं. उसाच्या बगॅसवर कारखाने वीज करतात आणि उरलेली ग्रिडला विकतात.

आणि संध्याकाळी कोयना. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. पाण्याचं दार उघडलं की काही मिनिटांत वीज मिळते. कोळशाच्या केंद्राला तेवढं चटकन तापता येत नाही. पण कोयनेचं पाणीही अमाप नाही. पश्चिमेला वीज करायला सोडायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी ठरवून दिलेलं आहे. म्हणून ते जपून, गरजेच्या वेळीच वापरायचं.

अकोले तालुक्यात घाटघरला आणखी एक गंमत आहे. तिथे डोंगरावर एक धरण आणि खाली कोकणाच्या बाजूला एक धरण. वीज उरलेली असली की खालचं पाणी पंपाने वर चढवतात. वीज कमी पडली की तेच पाणी वरून खाली सोडून 250 मेगावॅटपर्यंत वीज करतात. वर चढवायला चार युनिट खर्च केली तर साधारण तीन परत मिळतात. तोटा आहे, पण दुपारची वाया जाणारी वीज रात्री हाताशी येते. मोठ्या बॅटऱ्याही हेच काम करतात. 

काकूंचं उत्तर

आता काकूंच्या छपराकडे येऊ.

काकूंचं सोलर ग्रिडला जोडलेलं आहे. त्यात बॅटरी नाही. दिवसा पॅनेलची वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेली तारेवरून गावात जाते. संध्याकाळी काकू गावच्या तारेतून वीज घेतात. मीटर दोन्ही मोजतो, किती दिली आणि किती घेतली. फरकाचं बिल येतं. याला नेट मीटरिंग म्हणतात. म्हणजे काकूंनी दुपारी शेजारणीला वाटीभर साखर दिली आणि संध्याकाळी वाटीभर परत घेतली, असा व्यवहार.

मग लाईट गेल्यावर पॅनेल का थांबतं? वायरमनदादांनी सांगितलं ते ऐकून आम्ही गप्पच झालो. ते म्हणाले, "ताई, लाईट जाते म्हणजे बऱ्याचदा कुठेतरी तार तुटलेली असते, नाहीतर आम्ही स्वतः डीपीवरून वीज बंद करून खांबावर चढलेलो असतो. तार मेली आहे असं समजून आम्ही हात लावतो. त्याच वेळी तुमच्या छपरावरून वीज तारेत आली तर? आणि डीपीतून उलटी गेली, तर घरातल्या 230 व्होल्टचे पुढे 11 हजार होतात."

म्हणून छपरावरच्या इन्व्हर्टरमध्ये सोय केलेली असते. गावची वीज गेली की तो स्वतः बंद होतो. वीज परत आली, लय जमली, की थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो. ही सोय खांबावर चढलेल्या माणसाचा जीव वाचवायला आहे. तो माणूसही कुणाचा तरी नवरा आहे, कुणाचा तरी मुलगा आहे.

काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं आहे होय! मग बसविणाऱ्यानं आधी का नाही सांगितलं?" हा त्यांचा प्रश्न मात्र शंभर टक्के बरोबर आहे. विकताना हे सांगायलाच हवं होतं.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो महाग पडतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. ज्या गावात रोज चार-चार तास लाईट जाते, तिथे हा विचार करावा. जिथे क्वचित जाते, तिथे साधं सोलर पुरतं. आणि एक कळकळीचं सांगणं: लाईट गेल्यावर जनरेटरची किंवा दुसऱ्या कशाची वायर घरच्या बोर्डात उलटी घालून घर चालू करायचा जुगाड कुणी करू नका. त्यात वायरमनचा जीव जाऊ शकतो.

डीपीवरची गर्दी

आणखी एक गोष्ट सबस्टेशनवर समजली. एका डीपीवर वीस-पंचवीस घरं असतात. त्यातल्या दोन-चार छपरांवर सोलर असेल तर काही बिघडत नाही. पण सगळ्याच छपरांवर आलं, आणि दुपारी घरं बंद करून सगळे शेतात गेले, तर सगळी वीज एकाच वेळी डीपीकडे धावते. व्होल्टेज वाढतं. वाढलं की इन्व्हर्टर बंद पडतात. उलट संध्याकाळी सगळे एकदम वीज ओढतात, तेव्हा व्होल्टेज उतरतं आणि दिवे पिवळे पडतात.

म्हणून सोलर बसवायच्या आधी डीपीची क्षमता तपासतात. "आमच्या डीपीवर जागा आहे का?" हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. नसेल, तर डीपी मोठा करायची मागणी दहा घरांनी मिळून केली तर तिला वजन येतं.

गटाची गिरणी, गावची टाकी

आता आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या गटाची पिठाची गिरणी आहे, 10 एचपीची मोटार. ती आम्ही संध्याकाळी सहा ते नऊ चालवायचो, कारण बाया शेतातून आल्यावरच दळण आणतात. व्होल्टेज नेमकं तेव्हाच कमी. व्होल्टेज कमी असलं की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. उन्हाळ्यात आमची मोटार जळाली. ती पुन्हा भरून आणण्यात गटाची दोन महिन्यांची कमाई गेली.

मग बैठकीत विषय निघाला, गिरणी दुपारी चालवायची का? व्होल्टेज चांगलं असतं. पण एक ताई म्हणाल्या, "दुपारी दळण आणायला येणार कोण? खुरपण सोडून येऊ का?" बरोबरच होतं. वीज दुपारी आहे म्हणून आपली मजुरी बुडवायची, हा कुठला न्याय?

शेवटी असं ठरवलं: सकाळी शेतात जाताना डबा गिरणीवर ठेवायचा, वर नावाची चिठ्ठी. दुपारी बारा ते तीन दोघीजणी पाळीने दळून ठेवतील, त्यांना त्याची मजुरी. संध्याकाळी जाताना पीठ घेऊन जायचं. सुरुवातीला कुरबूर झाली, एकदा डबेही बदलले. आता बसलंय. आणि रांगेत उभं राहायचा प्रत्येकीचा अर्धा तास वाचतो, हा फायदा तर आम्ही धरलाच नव्हता.

कुणी विचारेल, गिरणीवरच सोलर का नाही टाकत? हिशेब ऐका. 1 किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट देतं. 3 किलोवॅट म्हणजे साधारण 12 युनिट. 10 एचपीची मोटार पूर्ण भाराने चालली तर तासाला साडेसात युनिट लागतात. म्हणजे 3 किलोवॅटवर ती एकटी उभीच राहणार नाही. पण तेच सोलर ग्रिडला जोडलेलं असलं, तर कमी पडणारी वीज तारेतून येते आणि गिरणी बंद असताना उरलेली तारेत जाते. ग्रिड हा असा भागीदार आहे. म्हणूनच आम्ही आधी वेळ बदलली. सोलरचा विचार पुढच्या वर्षी कर्ज फिटल्यावर.

दुसरी गोष्ट गावच्या पाण्याची. नळयोजनेचा पंप बऱ्याच गावांत पहाटे किंवा संध्याकाळी चालतो. तोच दुपारी चालवून उंच टाकी भरून ठेवली तर? टाकीत साठलेलं पाणी म्हणजे साठवलेली वीजच आहे. घाटघरला मोठ्या प्रमाणावर जे करतात, ते आपल्या गावात टाकीने होतं. बॅटरीचा पैसा नको. टाकी पुरेशी मोठी मात्र हवी. दूध थंड करायचं यंत्र, हळद-मिरचीचं कांडप, शिलाईची यंत्रं, बर्फ, ही सगळी कामं दुपारी सरकवता येतात. रात्रीचा दिवा आणि पोरांचा अभ्यास सरकवता येत नाही. काय हलतं आणि काय हलत नाही, हे आपल्या इतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

यात पैशाचाही भाग येतो आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये नियम केला की, ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आहे त्यांना वेळेप्रमाणे दर लावायचा. सौर तासांत, म्हणजे दिवसा, दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जास्त. शेतीची जोडणी यातून वगळली आहे. नेमका दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे आपल्या बिलावर वेळेचा रकाना आला आहे का, ते बघा. नसेल समजत, तर बिल घेऊन उपविभागाच्या कार्यालयात जा आणि समजावून मागा.

रात्रीचं पाणी आणि गायरान

आता शेतीचं. शेतीपंपाला थ्री फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हे आपण वर्षानुवर्षं सोसलं. रात्री दारं धरायला गडीमाणूस जातो, त्याच्यामागे बॅटरी धरायला बाईही जाते. साप, विंचू, आता तर बिबट्या. घरी राहिलेलीला झोप नाही ती नाहीच.

यावर राज्यात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. 2023 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. कल्पना सोपी आहे. शेतीपंपांना वीज देणारी लाईन, म्हणजे फीडर, वेगळी असते. त्या सबस्टेशनच्या जवळच मोठा सौर प्रकल्प उभारायचा आणि दिवसा पंपांना तिथली वीज द्यायची. वीज तिथेच तयार, तिथेच वापर. लांबून वाहून आणायला नको, वाटेतली गळती कमी, आणि पंप दिवसा चालले की दुपारच्या जास्तीच्या विजेला काम मिळतं. राळेगणसिद्धीला असा प्रकल्प सुरुवातीच्या काळातच झाला. दारं दिवसा धरता आली, तर ही योजना आपल्या झोपेची आणि जिवाची आहे.

पण जमिनीचं काय? 1 मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. कुणी खाजगी जमीन भाड्याने दिली, तर योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला किमान 1 लाख 25 हजार रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ ठरलेली आहे. कोरडवाहू, खडकाळ जमिनीला हे वाईट नाही. पण जमीन पंचवीस-तीस वर्षं अडकते. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, भाडं कुणाच्या खात्यावर येणार, हे सहीच्या आधी घरात बोलून घ्या.

गायरानाची गोष्ट आणखी नाजूक. सरकारी जमीन प्रकल्पाला नाममात्र भाड्याने देतात आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी 5 लाख रुपये अनुदान आहे. कागदावर गायरान पडीक दिसतं. पण आपल्याला माहीत आहे, तिथे कुणाच्या शेळ्या चरतात, कुणाचं सरपण येतं. ज्यांना शेत नाही, त्या बायांचं तेच शेत आहे. कुंपण पडलं की पहिला फटका त्यांना.

आम्ही प्रकल्पाच्या विरोधात नाही. दिवसा वीज आम्हालाही हवी आहे. पण महिला ग्रामसभेत हे प्रश्न विचारा: चाऱ्याला दुसरी जागा कुठली? प्रकल्पात वाढणारं गवत कापून न्यायला मिळेल का? पॅनेल धुण्याचं आणि गवत काढण्याचं काम गावच्या गटाला मिळेल का? पॅनेल धुवायला पाणी कुठून घेणार, आमच्या विहिरीतून? आणि ते 5 लाख कशावर खर्च होणार? मोठी टाकी, पिठाची गिरणी, की नुसती कमान? महिला ग्रामसभा ही नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. तिथे जे मांडाल ते इतिवृत्तात लिहून घ्या.

छपरावर बसवायचं असेल तर

शेवटी, ज्यांना घरी सोलर बसवायचं आहे त्यांच्यासाठी. 2024 पासून पीएम सूर्यघर योजना चालू आहे. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्तीला 78 हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. आमच्या पाहण्यात ज्या अडचणी आल्या, त्यावरून एवढं सांगतो.

बिल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. कित्येक घरांत ते अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. आधी नाव बदला, आणि बदलतच आहात तर स्वतःचं नाव लावा. अनुदान अर्जदाराच्या खात्यात येतं, बसवून आणि तपासून झाल्यावर. "आधी पैसे भरा, अनुदान मी मिळवून देतो" म्हणणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नका. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा आणि नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच काम घ्या.

वर्षभराच्या बिलांवरचे युनिट जोडा आणि बाराने भागा. महिन्याला 100 ते 120 युनिट लागत असतील तर 1 किलोवॅट पुरतं. उगाच मोठं घेऊ नका. वर्षाअखेर उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्याहून कमी दराने. आणि "बिल शून्य येईल" असं कुणी म्हणालं, तर विचारा, स्थिर आकाराचं काय? तो भरावाच लागतो.

बसवायच्या आधी पॅनेलवर झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडते का ते बघा. बसल्यावर धूळ पुसत जा. पुसायचं काम पहाटे किंवा संध्याकाळी करा. पॅनेल तापलेलं असताना गार पाणी मारू नका, आणि ओल्या छपरावर एकटीने चढू नका.

तर मैत्रिणींनो, काकूंच्या एका प्रश्नावरून आम्ही इथवर आलो. विजेचं जातं आता पूर्वीसारखं चंद्रपूर-कोयनेच्या भरवशावर फिरत नाही. काकूंचं छप्परही त्याला हात लावून आहे आणि आपली गिरणीही. जे जातं आपण फिरवतो, त्यात दळण कधी टाकायचं हे ठरवताना आपल्यालाही विचारलं पाहिजे. कुणी विचारायला आलं नाही, तर आपण जाऊन सांगायचं.

येत्या बैठकीत एवढं करा: प्रत्येकीने घरचं वीजबिल घेऊन या. कुणाच्या नावावर आहे, किती युनिट आहेत आणि गटाचं कुठलं काम दुपारी सरकवता येईल, हे वहीत मांडा. त्यातून जे प्रश्न निघतील ते आम्हाला कळवा. उत्तर माहीत नसेल तर पुन्हा सबस्टेशनची पायरी चढू.

आणि हो, काकूंनी निरोप दिलाय. आता लाईट गेली की त्या पॅनेलला शिव्या देत नाहीत. त्या म्हणतात, "वर खांबावर कुणीतरी चढलं असंल. येईल लाईट, धीर धरा."

नमस्कार.